कोकणात जागा घेताना मध्यस्थ कोणता धरावा: मोठी कंपनी, गावातला एजंट की ऑनलाइन?

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की माझ्या रत्नागिरीच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कोकणात थोडी जागा घ्यायचीय. एजंट कोणता धरू?" काहींच्या हातात मुंबईतल्या मोठ्या कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं. काहींना गावात कुणीतरी "आपल्याकडे एक मस्त पीस आहे" असं सांगून ठेवलेलं असतं. तरुण जोडपी मोबाइलवर पोर्टल उघडूनच समोर बसतात. मी वकिली करते आणि माझं बहुतेक काम सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) आणि खरेदीखतांचं. त्यामुळे तिन्ही वाटांनी आलेले व्यवहार माझ्या टेबलावर येतात, धड झालेले आणि फसलेलेही.

या प्रश्नावर मी उलट विचारते, "जागा कोणत्या प्रकारची?" कारण कोकणात जागेचा प्रकार एकदा ठरला की मध्यस्थ कोणता हे बरंचसं आपोआप ठरतं. लोक नेमकं उलटं करतात. आधी एजंट धरतात आणि मग त्याच्याकडे जे असेल ते बघत फिरतात.

आधी ठरवा, नक्की काय घ्यायचंय

"कोकणात जागा" म्हणताना लोकांच्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग अशा शहरातला फ्लॅट किंवा बंगला, ही एक. रेरा (स्थावर संपदा नियमन कायदा) नोंदणी झालेल्या प्रकल्पातला बिनशेती, म्हणजे एनए, प्लॉट ही दुसरी. शेतजमीन ही तिसरी. त्यात भातशेती आली, वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आली, कलमबाग आली, कातळाचा सडा आला. आणि वाडीतलं जुनं कौलारू घर, मागचं आगर आणि विहीर यांसकट, ही चौथी.

शेतजमिनीचा विचार असेल तर एजंटला फोन करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी कायद्याने शेतकरी आहे का? महाराष्ट्र कूळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. याला काही अपवाद आहेत, ते तुमच्या जागेपुरते वकिलाकडून समजून घ्या. महाराष्ट्रात कुठेही तुमच्या नावे शेतजमिनीचा सातबारा असेल तर प्रश्न मिटला. नसेल, आणि समोरचा एजंट म्हणाला, "त्याची काळजी सोडा, शेतकरी दाखला मी काढून देतो," तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे चौकशीत सरकारजमा होऊ शकते. तोवर दाखला काढून देणारा दलाली घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो.

शेतजमिनीवर बँका घरकर्ज देत नाहीत, हेही इथेच लक्षात घ्या. कर्ज काढूनच घ्यायचं असेल तर चारांतले दोनच पर्याय उरतात, फ्लॅट किंवा एनए प्लॉट.

तीन तऱ्हेचे मध्यस्थ, आणि प्रत्येकाचं पोट कशावर चालतं

मध्यस्थ कसा वागेल हे त्याला पैसे कुठून मिळतात यावर ठरतं. स्वभाव वगैरे नंतर.

मोठी कंपनी म्हणजे मुंबई, ठाणे किंवा पुण्यात ऑफिस असलेली, पगारी माणसं ठेवणारी संस्था. कोकणात ती बहुधा एखाद्या विकासकाचा प्लॉटिंग प्रकल्प किंवा बंगल्यांची योजना विकते. या धंद्यात तिला चॅनल पार्टनर म्हणतात. दलाली विकासक देतो. म्हणून तुम्हाला सांगितलं जातं, "आमचा चार्ज शून्य." ते खरं असतं. पण पैसे देणारा विकासक असेल तर कंपनी काम त्याचंच करते, तुमचं नाही, एवढं ओळखून वागा. फायदेही खरे आहेत. पावती मिळते, मंजूर नकाशा मिळतो, कर्जाच्या कागदांना मदत होते आणि काही बिनसलं तर तक्रार करायला पत्ता असतो. तोटा असा की शनिवारी तुम्हाला गाडीतून साइटवर आणणाऱ्या मुलाने ती जमीन स्वतः दोन-तीनदाच पाहिलेली असते. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत जातो आणि तुमची फाइल तिसऱ्याच्या टेबलावर जाते.

हीच कंपनी वाडीतल्या जुन्या घराचा व्यवहार का करत नाही, याचा हिशोब सोपा आहे. पंधरा लाखांच्या व्यवहारावर दोन टक्के म्हणजे तीस हजार रुपये. त्या तीस हजारांसाठी सातबाऱ्यावरच्या एकोणीस जणांच्या सह्या गोळा करायला कुणी मोठं ऑफिस माणूस पाठवणार नाही. तशी जागा तुम्हाला हवी असेल आणि कंपनी "करून देऊ" म्हणाली, तर काम कोण करणार ते नीट विचारा. बहुतेक वेळा ती कंपनी गावातल्याच एखाद्या एजंटाला गाठते आणि मध्ये एक थर वाढतो.

गावातला एजंट हा आपल्याकडच्या शेतजमिनीच्या आणि जुन्या घरांच्या व्यवहारांचा कणा आहे, हे मी मोकळेपणाने लिहिते. कुठला हिस्सा कुणाच्या वहिवाटीत आहे, कुणाची बहीण लग्न होऊन पनवेलला दिली, कोणत्या भावांचं बोलणं बंद आहे, पाणंद कुठून जाते आणि ती कोण अडवतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुळात तो असतो गाडीवाला, किराणा दुकानदार, पूर्वीचा ग्रामपंचायत सदस्य किंवा गवंडीकाम घेणारा. दलाली हा त्याचा जोडधंदा. आणि धोकाही त्याच्या त्या ओळखीतच असतो. मालक त्याचा सख्खा शेजारी, तुम्ही दोन महिन्यांपूर्वी भेटलेले. शिवाय त्याची कमाई व्यवहार पूर्ण झाला तरच, म्हणून "नंतर बघू" हा शब्द त्याच्या तोंडी फार येतो.

तिसरी तऱ्हा ऑनलाइनची. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स यांसारख्या साइटवर जाहिराती असतात. २०१४ मध्ये बंगळूरूत सुरू झालेल्या नोब्रोकरने टक्केवारीऐवजी ठरावीक रकमेचे प्लॅन विकत मालक आणि ग्राहक थेट जोडून देण्याची पद्धत आणली. त्याखेरीज फेसबुकवरचे ग्रुप, यूट्यूबवर ड्रोनने जमीन दाखवणारे, व्हॉट्सअॅपवर रोज पंधरा प्लॉट टाकणारे, हे सगळे नव्या पद्धतीचे मध्यस्थच. शहरातल्या फ्लॅटसाठी ही वाट चांगली आहे. भाव कळतो, दहा घरांची तुलना घरबसल्या होते. शेतजमिनीसाठी मात्र तिचा उपयोग फक्त शोधापुरता. "मालक थेट" लिहिलेल्या नंबरावर फोन केला तर पलीकडे एजंट निघतो, आणि पोर्टल तुमच्या वतीने सातबारा वाचत नाही.

तर माझी जोडणी अशी. एनए प्रकल्पातला प्लॉट असेल तर मोठी कंपनी चालेल. शहरातल्या फ्लॅटला पोर्टल आणि जोडीला त्या शहरातलं एखादं छोटं, दुकान थाटून बसलेलं ऑफिस. शेतजमीन आणि जुनं घर यांना गावातला एजंट, पण तुमचा स्वतःचा वकील शेजारी ठेवूनच.

रेरा नंबर: कुठे लागतो, कुठे नाही

स्थावर संपदा नियमन कायदा २०१६ चा, मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदणी असावी लागते. ती पाच वर्षांसाठी असते. एजंटाचा नंबर इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. बिननोंदणी काम करणाऱ्याला दिवसाला दहा हजार रुपये आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली, आणि प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. माहितीपत्रक हातात आलं की तो कोड स्कॅन करा. जो प्रकल्प उघडतो त्याचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर माहितीपत्रकाशी जुळतात का ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केलेला माणूस मला क्वचित भेटतो.

प्रकल्पात जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणी सक्तीची नाही. आणि एका शेतकऱ्याने दुसऱ्याला आपली कलमबाग विकली तर तो रेराचा विषयच नाही. म्हणजे गावातल्या एजंटाकडे रेरा नंबर नाही एवढ्यावरून तो लबाड ठरत नाही. उलट एखादा रेरा नंबरवाला एजंट शेतजमिनीचे दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे "प्लॉट" म्हणून विकत असेल, तर त्याच्या नंबराचं त्या तुकड्यांना काहीही संरक्षण नाही. नंबर त्याचा आहे, जमिनीचा नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यात वेळोवेळी सवलती दिल्या जातात, तेव्हा तुमच्या गावाला आज काय लागू आहे हे तलाठी कार्यालयात किंवा दुय्यम निबंधकांकडे जाऊन विचारा. एजंटाला विचारू नका.

'पैकी' हा शब्द

गेल्या पावसाळ्याआधी डोंबिवलीचं एक जोडपं आलं. दोघं नोकरी करणारे, गुहागर तालुक्यात समुद्र दिसणारा पाच गुंठ्यांचा प्लॉट घ्यायचं ठरवून, एका कंपनीला ५१,००० रुपये टोकन देऊन आलेले. गाडीने नेलं, जेवण दिलं, चढावर उभं करून समुद्र दाखवला, परतताना टोल नाक्याच्या आधी टोकन घेतलं. कराराचा मसुदा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. पहिली चार पानं सुबक होती. शेवटच्या पानावर मिळकतीचं वर्णन होतं: सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, "एकूण क्षेत्र ०.८५.०० पैकी ०.०५.०० हे.आर."

मी त्या वहिनींना 'पैकी' वर बोट ठेवून विचारलं, "पंच्याऐंशीपैकी तुमचे पाच कोणते?" त्यांनी नकाशा काढला. तो कंपनीने स्वतः संगणकावर काढलेला रंगीत नकाशा होता. त्यावर ना भूमी अभिलेखची मोजणी, ना नगररचनेचा मंजुरी शिक्का. कागदावर त्यांचा प्लॉट वेगळा नव्हताच. पंच्याऐंशी आरमध्ये (आर म्हणजे साधारण एक गुंठा) सामाईक पाच आर, एवढंच. मग गावनकाशा काढला तर रस्ता ज्या जागेतून दाखवला होता तो शेजारचा हिस्सा निघाला, आणि तो विकासकाचा नव्हता. टोकन परत मिळायला चार महिने आणि माझ्या दोन नोटिसा लागल्या.

म्हणून कुठलाही मध्यस्थ असो, मिळकतीच्या वर्णनात 'पैकी' आलं की थांबा. हिस्सा वेगळा झाला आहे का, त्याचा वेगळा सातबारा आहे का, मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखचा हद्दी दाखवणारा नकाशा, आहे का, ते विचारा. रेरातल्या प्लॉटला मंजूर रेखांकन आणि प्लॉट नंबर हवाच. तिथे विकासकाला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे कलम १३ एजंटासमोर मोठ्याने वाचून दाखवायलाही हरकत नाही.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

एजंट कोणताही असो, पहिल्याच बोलण्यात मी हे विचारायला सांगते:

- सर्व्हे किंवा गट नंबर आणि हिस्सा नंबर काय? (न सांगणाऱ्याकडे जागा बघायला जाऊ नका. तुम्ही परस्पर मालकाला गाठाल ही त्याची भीती खरी असते. ती घालवायला, "जागा तुमच्यामार्फतच बघतोय" असा मेसेज करा.)
- सातबाऱ्यावर नावं किती, आणि त्यांतले गावात किती, मुंबईत किती, वारलेले किती?
- तुम्हाला विकायला कुणी सांगितलं? सगळ्यांनी की एका भावाने?
- दलाली दोन्हीकडून घेता का?
- जागा 'नेट'वर आहे का? (इंटरनेट नव्हे, अर्थ पुढे सांगते.)

सर्व्हे नंबर मिळाला की महाभूमीच्या साइटवरून पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा. एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो चालवून घेऊ नका. तो कधीचा आहे ते कळत नाही.

नेटवर, म्हणजे काय

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच्याविषयी उघडपणे फारसं कुणी बोलत नाही. सरळ दलालीत दोन्ही बाजूंनी साधारण एक ते दोन टक्के घेण्याचा रिवाज आहे. कायद्याने ठरवलेला दर नाही, बोलून कमीजास्त होतो. कंपनी असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. नेटमध्ये मात्र एजंट मालकाला म्हणतो, "तुला गुंठ्याला इतके हातात देतो, वरचे माझे." मग ते 'वरचे' किती, याला मर्यादा नाही.

माझ्या आत्याची वरकस जमीन अशीच गेली. कुळथाची जागा, समुद्रापासून लांब. गावातल्याच एका एजंटाने तिला गुंठ्याला साठ हजार नेट सांगितले. आत्याला ते खूप वाटले, तिने सही केली. दोन वर्षांनी घेणाऱ्या माणसाची गाठ एका लग्नात पडली आणि बोलता बोलता त्याने सांगितलं की त्याला गुंठा पंच्याण्णवला पडला. वरचे पस्तीस हजार रोखीने गेले होते. दस्तात साठच होते. आत्याच्या मनाला लागलं ते पैशांपेक्षा, तो एजंट दर संकष्टीला तिच्या घरी प्रसादाला यायचा याचं. मी तेव्हा वकिलीत नवी होते. घरात वकील असूनही आत्याने मला विचारलं नाही, कारण "तो आपलाच आहे."

भारतीय करार कायदा १८७२ मध्ये याला उत्तर आहे. कलम २१६ सांगतं की मालकाला न कळवता प्रतिनिधीने स्वतःसाठीच व्यवहार केला तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. पण मागायला कागद लागतो, आणि नेटचा व्यवहार तोंडी असतो. घेणाऱ्याचंही यात नुकसान आहे. पस्तीस हजार रोखीने दिले ते दस्तात नाहीत, म्हणजे पुढे विकताना तुमची खरेदी किंमत साठच धरली जाईल. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात विकणाऱ्याला वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, स्वीकारली तर तेवढाच दंड. मी माझ्या पक्षकारांना सांगते: एजंटाला टक्के वाढवून द्या, हवं तर तीन द्या, पण ते उघड आणि चेकने. मालकाच्या आणि तुमच्या तोंडात आकडा एकच असू द्या.

जागेवर जाताना

कंपनीची गाडी नेईल त्या दिवशी एकदा जा, आणि नंतर स्वतःच्या गाडीने, कुणालाही न सांगता, पुन्हा जा. शक्य असेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. पोर्टलवरचे फोटो बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरचे असतात. तेव्हा सड्यावरचा कातळसुद्धा हिरवागार दिसतो. मेमध्ये विहिरीत डोकावून पाहा, पाणी किती खाली गेलंय ते. जुलैत पायवाटेवरून चालून बघा, पऱ्ह्या (पावसाळी ओढा) आडवा येतो का ते कळेल. शेजारी भाताची लावणी चालू असेल तर तिथल्या बायकांना विचारा, "ही जागा कुणाची?" जे नाव त्या सांगतील ते सातबाऱ्यावर असलं पाहिजे. जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) कुठपर्यंत आहे आणि नकाशातली हद्द कुठपर्यंत, हे दोन्ही ताडून बघा. आपल्याकडे गडगा पिढ्यान्पिढ्या सरकत आलेला असतो.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमनाचं विचारा. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र होतं. २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणलं, पण फक्त जिथे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तिथे, आणि त्यालाही अटी आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक गावं एवढी दाट नाहीत. "सगळे बांधतायत, तुम्हीही बांधाल" हे उत्तर कुठल्याही मध्यस्थाकडून ऐकून घेऊ नका. जिथे घर बांधायचं स्वप्न बघताय त्या जागेचा झोन दाखला नगररचना कार्यालयातून घ्या.

रेवस-रेडी सागरी महामार्ग इथूनच जाणार, चिपीचं विमानतळ चाळीस मिनिटांवर, अटल सेतूमुळे अलिबाग जवळ आलं, ही वाक्यं जाहिरातीत असतातच. त्यातल्या झालेल्या गोष्टी मोजा, होणाऱ्या गोष्टींचे पैसे देऊ नका.

कागद कोण वाचणार

इथे मी ठाम आहे. मध्यस्थ कोणताही असो, कागद तुमच्या वकिलाने वाचायचे. "आमच्या पॅनेलवरच्या वकिलांनी क्लिअर केलंय" असं कंपनी म्हणते, "भाऊ बघतात आमचे सगळे" असं गावातला एजंट म्हणतो. दोन्ही वकील त्यांचेच.

निदान तीस वर्षांचा सर्च, सगळे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा). सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. इतर हक्कात कूळ आहे का, कूळकायद्याच्या कलम ४३ चा, म्हणजे विक्रीवर बंधन असल्याचा, शेरा आहे का, देवस्थान आहे का, ते पाहायचं. सिंधुदुर्गात असाल तर वनसंज्ञा (वन म्हणून नोंदलेली जमीन) आणि आकारीपड (सारा थकल्याने सरकारकडे गेलेली जमीन) हे दोन शब्द मुद्दाम शोधा. आंबोली, चौकुळ, गेळे भागात कबुलायतदार गावकर जमिनींचा (संस्थानकाळापासून गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या) प्रश्न कित्येक वर्षांचा आहे. वाडीतलं घर घेत असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही, हे ध्यानात ठेवा. घराखालच्या जमिनीचा सातबारा कुणाचा, हा खरा प्रश्न. घर एका भावाचं आणि जमीन सगळ्यांची, असं आपल्याकडे घरोघरी आहे.

आणि नावं. एकदा गावातल्या एजंटाने सातबारा ठेवत मला सांगितलं, "ताई, नावं आहेत तेवीस, पण माणसं सगळी आपलीच." आम्ही दोघं पेन घेऊन बसलो. चार वारलेले, वारस लागलेले नाहीत. दोन नावांपुढे अ.पा.क., म्हणजे तेव्हा अज्ञान (अल्पवयीन) होते, आज पन्नाशीचे. एका नावापुढे ए.कु.मॅ., एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्यामागे अख्खं कुटुंब. बहिणींची नावंच नव्हती. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. तेविसाचे एकतीस झाले. त्या एजंटाचं मला कौतुक वाटतं, कारण त्याने सात महिने खपून नालासोपारा ते बेळगाव फिरत एकतीसच्या एकतीस सह्या आणल्या. मोठ्या कंपनीकडून हे झालं नसतं, पोर्टलवरून तर नाहीच. अशा माणसाला दलाली देताना हात आखडू नका.

सह्या गोळा करण्याऐवजी मुखत्यारपत्रावरच जमीन "घेऊन टाका" असं सुचवलं तर नाही म्हणा. मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मध्यस्थाशी लेखी करा

एक पान पुरतं. कुणाची जागा, कोणता हिस्सा, दलाली किती टक्के, कुणाकडून, जीएसटीसह की वेगळा, व्यवहार मोडला तर काय, आणि मध्यस्थाने कोणकोणती कामं करायची: वारसनोंदी, मोजणीचा अर्ज, सह्या, रस्त्याची संमती. गावातला एजंट कागद म्हटलं की बिचकतो. "भरवसा नाय काय?" म्हणतो. त्याला शांतपणे सांगा की कागद त्याच्याही सोयीचा आहे, कारण उद्या दुसरा एजंट "पहिली व्हिजिट माझी" म्हणत दलाली मागायला आला तर त्याच्याकडे पुरावा असेल. ही भांडणं आमच्याकडे रोजची आहेत.

तुम्ही विकणारे असाल तर

मोठी कंपनी तीन ते सहा महिन्यांची मक्तेदारी मागते. तुमची जागा एकहाती, स्वच्छ आणि मोठी असेल तर द्यायला हरकत नाही, मुदत मात्र लिहून घ्या. सामाईक जागा असेल तर आधी घरात वाटप करा, मग मध्यस्थ शोधा. भाव त्याच जागेचा, पण वाटपानंतर चांगला येतो.

पैसे कधी, किती

दलालीचे तीन भाग करा. साठेकरार (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवताना थोडी, खरेदीखत नोंदवलं की मोठा भाग, आणि एक हिस्सा राखून ठेवा. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी ते सादर करायचं असतं, म्हणून तिथे उशीर होत नाही. उशीर होतो पुढे, फेरफाराला. नोंद तलाठ्याकडे जाते, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. एखाद्या नोटिशीचा पत्ता चुकला, एखाद्या चुलतभावाने हरकत घेतली की गावात पाठपुरावा करणारा माणूस लागतो, आणि नेमका तेव्हा एजंट फोन उचलत नाही. म्हणून राखून ठेवलेला तो हिस्सा तुमच्या नावाचा सातबारा हातात आला त्या दिवशी द्या, आणि हे त्या एका पानावर आधीच लिहून ठेवा.